मक्षिकास्थाने मक्षिका

पोथ्यांची नक्कल करून उदरनिर्वाह करणाऱ्या एका लेखकाची गोष्ट आपल्यांपैकीं पुष्कळांनीं ऐकलेली असेल. मूळ पोथीच्या एका पानावर माशी चिरडून चिकटली होती. लेखक इतका इमानी, कीं त्यानें आपल्या प्रतींतही नेमक्या त्याच जागीं एक माशी मारून चिकटविली! विचार न करतां केलेल्या नकलेस 'मक्षिकास्थाने मक्षिका' म्हणण्याचा प्रघात आहे तो यावरून. त्या लेखकास आपण हंसतों. परंतु त्यानें चिकटविलेली माशी मूळ माशीच्याच जातीची होती काय, हा प्रश्न मात्र कोणी विचारल्याचें ऐकिवांत नाहीं. या महिन्याच्या सदराचा विषय तोच आहे.

हल्लीं प्रत्येकाच्या खिशांत छायाचित्र घेण्याचें साधन आलें आहे, आणि त्यामुळें या सदराकडे येणाऱ्या पत्रांसोबत माशा, डांस, चिलटें व तत्सम जीवांचीं छायाचित्रें येऊं लागलीं आहेत. ही गोष्ट मोठी आनंदाची होय. मात्र कित्येक छायाचित्रांखालीं मोबाइलनें सुचविलेलें लॅटिन नांव आधींच लिहिलेलें असतें आणि पुढें 'हें बरोबर ना?' एवढाच प्रश्न असतो. यंत्राची सूचना टाकाऊ असते असें नाहीं; पुष्कळदां ती कुलापर्यंत ठीक पोंचते. परंतु यंत्र दिसण्यांतील साम्य पाहतें. तें साम्य नांव सिद्ध करण्यास पुरेसें आहे किंवा नाहीं, हें पाहण्याचें काम आपलें आहे. तें न करतां नांव उतरून घेणें म्हणजे माशीच्या जागीं माशी चिकटविणेंच होय.

अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहाची ज्यांना ओळख आहे त्यांस लक्षणाचे तीन दोष आठवत असतील. गाईचें लक्षण 'पिंगट रंग' असें केलें तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ति. 'शिंगें असणें' असें केलें तर म्हैसही आंत शिरते, ही अतिव्याप्ति. 'अखंड खूर असणें' असें केलें तर एकही गाय सांपडत नाहीं, हा असंभव. किडे ओळखण्याची सारी विद्या या तीन दोषांपासून स्वतःस जपण्यांत आहे.

आतां 'माशी' हा शब्दच घ्या. घरांतील माशीला आपण माशी म्हणतों, तसेंच मधमाशी व गांधीलमाशी यांनाही म्हणतों. अमरकोशांत निळी माशी, दंश म्हणजे रानमाशी, आणि सरघा म्हणजे मधमाशी असे निरनिराळे शब्द दिले आहेत. परंतु तेथेंही 'मक्षिका' हें नांव सर्वांसच लाविलेलें आहे. शास्त्रदृष्ट्या ही अतिव्याप्ति होय. इ. स. १७५८ मध्यें लिनियसनें आपल्या ग्रंथांत 'डिप्टेरा' म्हणजे द्विपंखी असा एक गण मांडला. मधमाशी व गांधीलमाशी यांस पंख चार; खऱ्या माशीस दोनच. मागील पंखांच्या जागीं तिला टोकाशीं गांठ असलेल्या दोन बारीक दांड्या असतात, आणि उडतांना शरीराचा तोल राखण्याचें काम त्या करतात. या हिशेबानें डांस, चिलट व गोमाशी हीं खऱ्या माशीचीं भावंडें ठरतात. मधमाशी मात्र नांवाचीच माशी. तिचें जवळचें नातें मुंगीशीं आहे.

लक्षण सोपें आहे, पण छायाचित्र येथेंच फसवितें. मधमाशीचा पुढचा व मागचा पंख बारीक आंकड्यांनीं एकमेकांत अडकलेला असतो, म्हणून चित्रांत दोनच पंख असल्याचा भास होतो. उलट, फुलासमोर हवेंत स्थिर तरंगणारी, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची सिरफिड माशी हुबेहूब गांधीलमाशीचें सोंग घेते. तिला नांगी नाहीं. केवळ वेषाच्या जोरावर ती पक्ष्यांस दूर ठेवते. अशा वेळीं डोकें पाहावें. सिरफिड माशीचे डोळे मोठे, जवळजवळ सर्व डोकें व्यापणारे, आणि मिशा अगदीं आंखूड असतात. गांधीलमाशीच्या मिशा लांब व कोपरासारख्या वळलेल्या, आणि कंबर बारीक असते. ही ओळख केवळ पंडिती हौस नव्हे. सिरफिड माशीच्या अनेक जातींच्या अळ्या गुलाबावरील व भाजीवरील मावा खातात. गांधीलमाशी समजून तिच्यावर औषध फवारणारा मनुष्य स्वतःच्या बागेच्या राखणदारालाच मारीत असतो.

या सोंगानें मोठमोठे फसले आहेत. मेलेल्या बैलाच्या कलेवरांतून मधमाशा जन्मतात असा समज प्राचीन ग्रीक व रोमन लोकांत शतकानुशतकें चालत आला होता. कलेवरांतून बाहेर पडणाऱ्या त्या 'मधमाशा' वस्तुतः मधमाशीसारखी दिसणारी एरिस्टॅलिस नांवाची सिरफिड माशी असावी, असा उलगडा ऑस्टेन-साकेन या कीटकशास्त्रज्ञानें १८९४ सालच्या आपल्या पुस्तकांत केला. पंख मोजले असते तर एवढी कथा वाढलीच नसती.

आतां आलेल्या पत्रांकडे वळूं.

पुण्याच्या एका भगिनींनीं गच्चीवरील खतकुंडीच्या झांकणावर बसलेल्या काळ्या किड्याचें चित्र पाठविलें आहे. घरांतील वडील मंडळींच्या मतें ती कुंभारीण असून कुंडींतील जाड, चपट्या अळ्या तिच्याच आहेत. नातवंडें गच्चीवर खेळतात, तेव्हां कुंडी फेंकून द्यावी. चित्रांत पंखांची एकच जोडी स्पष्ट दिसते. उदराच्या आरंभीं दोन पारदर्शक खिडक्या आहेत आणि पायांचीं टोकें पांढरीं आहेत. मिशा मात्र बऱ्याच लांब आहेत. 'मिशा आंखूड ती माशी' एवढेंच लक्षण धरून बसल्यास येथें अव्याप्ति होते आणि हीस गांधीलमाशींत ढकलावें लागतें. ही ब्लॅक सोल्जर फ्लाय होय. मूळची अमेरिकेची ही माशी आतां उष्ण देशांत सर्वत्र पसरली आहे. ती डंख करीत नाहीं, चावत नाहीं. आणि तिच्या अळ्या स्वयंपाकघरांतील ओला कचरा झपाट्यानें खाऊन टाकतात. कुंडी फेंकण्याचें कारण नाहीं. कोरडा पाला घालून ओल कमी करावी, म्हणजे अळ्यांची संख्या आपोआप आटोक्यांत येईल. वडील मंडळींस मात्र पत्र दाखविण्यापूर्वीं खिडक्यांचें चित्र दाखवावें. डोळ्यांनीं पाहिलेलें मन लौकर मान्य करतें, आणि कोणाचा मानभंगही होत नाहीं.

दुसरें पत्र नागपुराकडील एका गृहस्थांचें असून त्यांत काळजी अधिक आहे. त्यांच्या घरीं चार वर्षांची नात आहे. न्हाणीघराच्या भिंतीवर बसलेल्या बारीक, केसाळ माशीचें चित्र पाठवून 'ही चांदीपुरा तापाची वाळूमाशी तर नव्हे?' असें त्यांनीं विचारलें आहे. भीति निराधार नाहीं. चांदीपुरा हें नागपूरजवळचें गांव. तेथील रुग्णांच्या रक्तांत हा विषाणु पुण्याच्या संशोधन केंद्रास १९६५ सालीं प्रथम सांपडला. २००३ मध्यें आंध्र प्रदेशांत व महाराष्ट्रांत, आणि २०२४ च्या पावसाळ्यांत गुजरातेंत त्यानें अनेक बालकांचा बळी घेतला. त्याचा प्रसार मुख्यतः वाळूमाशीकडून होतो. न्हाणीघरांतील माशी व वाळूमाशी या एकाच कुलांतील बहिणी, म्हणूनच घोटाळा होतो. भेद आहे तो बसण्याच्या ढबींत. वाळूमाशी दोनतीन मिलिमीटरांची, किडकिडीत व लांब पायांची असते आणि बसली असतां पंख पाठीवर उभे, दोन फांकलेल्या बोटांसारखे धरते. न्हाणीघरांतील माशी रुंद, पानासारखे पंख आडवे पसरून बसते व लहानशा पतंगासारखी दिसते. आलेल्या चित्रांत पंख आडवे आहेत. ही न्हाणीघरांतीलच माशी. ती चावत नाहीं. मोरीच्या नळांत सांचलेल्या बुळबुळीत थरांत ती वाढते, म्हणून तो थर ब्रशानें खरवडून काढावा.

परंतु येथें एक सावधगिरीची सूचना देणें आम्हांस अवश्य वाटतें. या चित्रानें एवढेंच सिद्ध झालें, कीं चित्रांतील माशी वाळूमाशी नव्हे. घरांत वाळूमाशी नाहीं, असें यावरून सिद्ध होत नाहीं. तेव्हां भिंतींच्या भेगा बुजवाव्या, गोठा घरालगत असल्यास कोरडा व स्वच्छ ठेवावा, मुलीस मच्छरदाणींत निजवावें. आणि ताप येऊन आंचके आल्यास किंवा शुद्ध हरपूं लागल्यास चित्र काढीत न बसतां तत्काळ दवाखाना गांठावा.

तिसरें पत्र रत्नागिरीचें. केळ्यांभोंवतीं घोंघावणाऱ्या लाल डोळ्यांच्या इवल्या माशांचें चित्र पाठवून 'याच फळमाशीमुळें आपला हापूस परत आला काय?' असें एका बागाईतदारांच्या चिरंजीवांनीं विचारलें आहे. युरोपीय संघानें १ मे २०१४ पासून भारतीय आंब्यावर बंदी घातली होती आणि ती २०१५ सालीं उठली, हें खरें. त्या बंदीचें एक मुख्य कारण फळमाशी, हेंही खरें. परंतु 'फळमाशी' हें एकच नांव दोन भिन्न जीवांस लाविलें जातें. केळ्यांवरची ती ड्रॉसोफिला. जेमतेम तीन मिलिमीटरांची, अति पिकल्या फळावर जमणारी. आंब्याची वैरीण ती बॅक्ट्रोसेरा. ती जवळजवळ घरमाशीएवढी असते; तिच्या वक्षावर दोन्ही बाजूंस पिवळ्या रेघा आणि उदरावर बहुधा इंग्रजी 'टी' अक्षरासारखी काळी खूण असते. मादीच्या शेपटाकडील टोक नांगीसारखें दिसतें. तें डंख करण्यासाठीं नसून आंब्याच्या सालीखालीं अंडीं घालण्यासाठीं असतें. केळ्यांवरच्या माशा मारून आंबा वांचणार नाहीं. गळलेलीं, किडकीं फळें रोज वेंचून नष्ट करावीं आणि बागेंत नर माशांचे सांपळे टांगावे.

यापुढें छायाचित्रें पाठविणारांनीं कांहीं नियम पाळल्यास मोठे उपकार होतील. एकच चित्र पाठवूं नये. वरून, बाजूनें व समोरून अशीं निदान तीन घ्यावीं. वरून काढलेल्या चित्रांत वक्षावरील रेघा दिसतात: घरमाशीच्या चार, मांसमाशीच्या तीन. बाजूनें पाय, केंस व तोल राखणाऱ्या दांड्या दिसतात. समोरून मिशा व डोळे दिसतात. पुष्कळ जातींत नराचे डोळे माथ्यावर एकमेकांस भिडतात आणि मादीचे दूर असतात, हें ध्यानांत ठेवावें. पंखांवरील शिरांचें जाळें स्पष्ट येईल तर फारच उत्तम. आकाराचा अंदाज यावा म्हणून शेजारीं मोजपट्टी किंवा तांदळाचा दाणा ठेवावा. स्थळ, तारीख, वेळ आणि किडा कशावर बसला होता, हें अवश्य लिहावें. चित्र कांटछांट न करतां मूळ स्वरूपांत पाठवावें. हातोहात फिरून आलेल्या चित्रांत नेमके केंसच पुसले जातात. आणि यंत्रानें सुचविलेलें नांव शक्य तों शेवटीं लिहावें, म्हणजे पाहणाराची दृष्टि आधींच रंगत नाहीं.

एवढें करूनही कांहीं माशांचें पूर्ण नांव चित्रावरून सांगतां येणार नाहीं. मांसमाशीचेंच उदाहरण घ्या. तिच्या बहुतेक जाती नराच्या उदराच्या टोकाशीं असलेले अवयव सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्यावांचून ठरत नाहींत. केवळ छायाचित्रावर किती विसंबावें, यावर शास्त्रज्ञांतही वाद आहे. दक्षिण आफ्रिकेंतील, लांकूड पोखरणाऱ्या भुंग्याचें सोंग घेणाऱ्या एका माशीस दोन शास्त्रज्ञांनीं २०१५ सालीं, जतन केलेला नमुना हातीं नसतां, केवळ छायाचित्रांवरून नवी जाति म्हणून नांव दिलें. त्यावर २०१६ मध्यें चारशेंहून अधिक वर्गीकरणशास्त्रज्ञांनीं सह्या करून, ही पद्धति अपुरी व घातक आहे असें प्रसिद्ध केलें. वाद कांहींही असो. आपण गृहस्थाश्रमी माणसांनीं यांतून एवढेंच घ्यावें, कीं पुरावा जेथवर नेईल तेथवरच जावें. 'ही मांसमाशी आहे, जाति सांगतां येत नाहीं' हें उत्तर अपुरें वाटलें तरी खरें असतें. आणि खोट्या पूर्ण नांवापेक्षां खरें अर्धें नांव केव्हांही अधिक उपयोगी.

ओळखीचें मोल किती, हें रोनाल्ड रॉसच्या चरित्रावरून कळतें. हिंवतापाचा शोध करतांना दोन वर्षें तो ज्या डांसांचीं उदरें फाडून पाहत होता ते डांस माणसाच्या हिंवतापाचे वाहकच नव्हते. डांसांच्या वर्गीकरणाचे ग्रंथ त्याच्या हाताशीं नव्हते. 'राखी', 'पट्टेदार' व 'ठिपकेदार पंखांचे' अशीं त्यानें स्वतःच घरगुती नांवें पाडलीं होतीं. पण तीं नांवें त्यानें डोळ्यांनीं पाहून दिलीं होतीं, कोणाची नक्कल करून नव्हे. म्हणूनच ठिपकेदार पंखांचा डांस निराळा आहे हें त्याच्या ध्यानांत आलें, आणि २० ऑगस्ट १८९७ रोजीं सिकंदराबादेस त्या डांसाच्या उदरांत त्याला हिंवतापाचे जंतु सांपडले. तो डांस ॲनॉफिलीस. १९०२ सालीं रॉसला नोबेल पारितोषिक मिळालें. लॅटिन नांव ठाऊक नसतांही त्याचें काम अडलें नाहीं. पंखांवरचे ठिपके पाहिले नसते तर मात्र खास अडलें असतें.

म्हणून वाचकहो, मुलांनीं किड्याचें चित्र आणून 'याचें नांव काय?' असें विचारलें, तर लगेच नांव सांगूं नका. आधीं पंख मोजावयास सांगा, मग मिशा पाहावयास सांगा, मग तो कसा बसला आहे तें विचारा. नांव मागाहून येईल. आणि तें त्यांचें स्वतःचें असेल.