गोलंदाजाचा मान

सोलापुरांत क्रिकेटची गोष्ट निघाली कीं पॉली उम्रीगर यांचें नांव निघतें, आणि तें निघावेंच. 1926 सालीं या शहरांत जन्मलेले हे गृहस्थ पुढें भारताचे कप्तान झाले. परंतु चेंडू टाकण्याची चाकरी करून ज्यांनीं आरंभीं पोट भरलें, त्या पळवणकर बाळूंचें नांव आमच्या किती विद्यार्थ्यांस ठाऊक असेल? अमेरिकेंत बेसबॉलच्या खेळांत चेंडू फेकणाऱ्यास पिचर म्हणतात, आणि नामांकित पिचरला द्रव्य व कीर्ति हीं दोन्ही भरपूर लाभतात. आपल्याकडे काय झालें तें पाहूं.

बाळूंचा जन्म 1876 सालीं धारवाडास एका चांभार कुटुंबांत झाला. पुण्यास प्रथम पारशी मंडळींच्या क्लबांत महिना 3 रुपयांवर, मागाहून युरोपियनांच्या क्लबांत 4 रुपयांवर ते नोकरीस होते. खेळपट्टी झाडावी, तिजवर रूळ फिरवावा, जाळें बांधावें, आणि साहेब लोक सरावास आले म्हणजे त्यांना चेंडू टाकावे, हें त्यांचें काम. ग्रेग नांवाच्या पट्टीच्या फलंदाजास त्यांनीं डाव्या हातानें तासन् तास चेंडू टाकले. बॅट मात्र त्यांच्या हातीं कोणीं दिली नाहीं. ती साहेबांची मिरास!

पुढें हिंदु संघानें त्यांना घेतलें, कारण गडी बाद करणारा हवा होता. मैदानांत त्यांच्या हातचा चेंडू सर्वांस चाले. चहाच्या वेळीं मात्र त्यांना बाहेर, निराळ्या मातीच्या भांड्यांत चहा मिळे. 1906 सालीं मुंबईस हिंदु संघानें युरोपियनांचा पराभव केला, त्यांत बाळूंचा वांटा मोठा होता. 1911 च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत आपला संघ बहुतेक सामने हरला; तरी बाळूंनीं एकट्यानें 114 गडी बाद केले.

सभांतून असें सांगण्याची चाल आहे कीं, गुण असला म्हणजे तो झांकून राहत नाहीं. आम्हांस हें सांत्वन पटत नाहीं. बाळूंचा गुण झांकला होता कोठें? तो सर्वांस दिसत होता, व सर्व जण त्याचा उपयोगही करून घेत होते. अडलें तें मान देण्यापाशीं. त्यांच्या तोडीचा गोलंदाज संघांत नसतां कप्तानपद वर्षानुवर्षें दुसऱ्यांकडे जाई. 1920 सालीं तर त्यांना संघांतूनच वगळलें. तेव्हां विठ्ठल व शिवराम या त्यांच्या बंधूंनीं अंग काढून घेतलें. हे दोघे संघाचे उत्तम फलंदाज, त्यांच्यावांचून चालेना. मग बाळू परत आले आणि उपकप्तान झाले. हें गुणानें झालें, असें कोणीं म्हणूं नये. दोन भावांनीं नकार दिला म्हणून झालें.

आमच्या मुलांतही बॅटीसाठीं भांडणें होतात, आणि उन्हांत चेंडू कोणीं टाकावा तर जो नवा, जो गरीब, ज्याच्याजवळ स्वतःची बॅट नाहीं त्यानें. पालकहि घरीं मुलास विचारतात, "धांवा किती काढल्यास?" संघनायक निवडतांना या गोलंदाज मुलाचें नांव कोणीं घेतलें का, हें आतां त्यांनीं एकदां विचारावें.

1923 सालीं विठ्ठल हिंदु संघाचे कप्तान झाले, व त्या वर्षीं संघानें युरोपियनांस हरविलें. बाळूंचें वय तेव्हां सत्तेचाळीसच्या घरांत होतें. 1955 सालीं ते मुंबईस निवर्तले. प्रथम दर्जाच्या 33 सामन्यांत त्यांनीं 179 गडी बाद केले होते. एका गड्यामागें सरासरी धांवा पंधरांहून किंचित् अधिक.