हिवाळ्यातली कात्री

माझा धाकटा भाऊ अमेरिकेत अटलांटाजवळ राहतो. गेल्या वर्षी मे महिन्याची सुट्टी लागली आणि मी अम्मीला घेऊन त्याच्याकडे गेले. अंगणात आधीच्या मालकाने लावलेलं एक झुडूप होतं. भाऊ म्हणाला, "आपा, तीन वर्षं झाली, एक फूल नाही. उपटून टाकतो आणि तिथे मोगरा लावतो." शेजारच्या अंगणात मात्र तेच झुडूप पांढऱ्या तुऱ्यांनी वाकलं होतं.

चौकशी केली तेव्हा कारण कळलं. भाऊ दर जानेवारीत बागकाम करणाऱ्याला बोलावतो आणि तो सगळ्या झुडपांसोबत यालाही गोल गुळगुळीत छाटून जातो. या ओकलीफ हायड्रेंजियाचा स्वभाव असा, की पुढच्या वर्षीच्या फुलांची तयारी ते आदल्या उन्हाळ्याच्या शेवटीच जुन्या फांद्यांवर करून ठेवतं. हिवाळ्यात दिसतात त्या नुसत्या काड्या. म्हणजे भाऊ तीन वर्षं पैसे देऊन आपली फुलंच कापून घेत होता! छाटायचंच तर बहर ओसरल्यावर लगेच, आणि तेही वाळलेलं किंवा वाटेत येणारं तेवढंच.

परदेशात घर केलेले आपले लोक अंगणात आधी आठवण लावतात. मोगऱ्याशी माझं वैर नाही, पण तिथल्या थंडीत त्याची कुंडी आत-बाहेर करत बसावं लागतं. आणि उपटायला निघालो होतो ते झाड मूळचं तिथलंच, जॉर्जिया-अलाबामाच्या रानातलं. विल्यम बार्ट्रम या निसर्ग-अभ्यासकाला ते १७७० च्या दशकात तिथल्या भटकंतीत दिसलं आणि १७९१ च्या प्रवासवर्णनात त्याने त्याची ओळख करून दिली. १९९९ पासून ते अलाबामाचं राज्य-रानफूल आहे. पाहुणे आपण आहोत, झाड नाही.

निळ्या गेंदांची हायड्रेंजिया आपण थंड हवेच्या ठिकाणी पाहतो, ती जपानकडची. मातीच्या आम्लतेप्रमाणे तिचा रंग बदलतो. हिचं तसं नाही. तुरे आधी पांढरे, मग गुलाबी, शेवटी तपकिरी होतात. पानझडीआधी ओकसारखी मोठी पानं लाल-जांभळी होतात. उर्दूच्या तासाला मी 'खिजां' म्हणजे उदासी असं शिकवत आले. या झाडाचा सोहळा खिजांतच असतो.

त्याला सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मानवते. जॉर्जियाची लाल माती पाहून मला आपलं कोकण आठवलं, पण ती चिकण माती, पाणी धरून ठेवते. साचलेल्या पाण्याने याची मुळं कुजतात, म्हणून जागा जरा उंच हवी. झुडूप सहा-आठ फूट वाढतं आणि पसरतंही तितकंच, त्यामुळे खिडकीखाली ते नको. जागा कमी असेल तर 'रुबी स्लिपर्स'सारखी बुटकी जात घ्यावी. हरणांना याची पानं आवडतात, तेवढं लक्ष ठेवावं.

झुडूप राहिलं. अम्मीच्या हट्टाखातर मोगराही आला, कुंडीत. या जानेवारीत बागकामवाला यंत्र घेऊन आला तेव्हा भाऊ झुडपासमोर जाऊन उभा राहिला. जूनमध्ये व्हिडिओ कॉलवर अम्मी तुरे मोजायला बसली. सतरापर्यंत पोचली आणि आमचं नेट गेलं.