रविवारच्या सहलीचा हिशेब

मुंबईत पाहण्यासारखे काय आहे, हा प्रश्न केव्हाच निकालात निघाला आहे. घारापुरीची लेणी 1987 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस 2004 मध्ये, तर ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको इमारती 2018 मध्ये. बोरिवलीला शहराच्या पोटातच शंभर चौरस किलोमीटरचे जंगल आहे आणि त्या जंगलात कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी. भायखळ्याला राणीची बाग आणि तिला लागूनच भाऊ दाजी लाड संग्रहालय. शिवाय गिरगाव, दादर, जुहूच्या चौपाट्या आहेतच. तरीही दर काही महिन्यांनी एखाद्या नव्या आकर्षणाची घोषणा होते आणि पर्यटनवाढीचे समाधान मानले जाते. खरा प्रश्न कल्याण, विरार किंवा पनवेलहून म्हातारी आई आणि दोन मुले घेऊन निघालेल्या कुटुंबाचा आहे. रविवारी सकाळी निघालेले हे कुटुंब रात्री आनंदाने घरी परतते, की थकून आणि चिडून? शहराने सहलीचे ठिकाण पाहू नये, सहलीचा अख्खा दिवस पाहावा. तसे पाहिले, तर पैसा कुठे खर्च करायचा याची उत्तरे बदलतात.

घारापुरीचेच घ्या. लेण्यांचे तिकीट भारतीयांना चाळीस रुपये आणि पंधरा वर्षांखालील मुलांना ते माफ आहे. पुरातत्त्व खात्याचे हे धोरण उदार म्हणावे असेच आहे. मात्र गेटवेहून जाण्यायेण्याचे बोटीचे भाडे या तिकिटाच्या कित्येक पट होते आणि साऱ्या सहलीचा खर्च तेच ठरवते. 2018 मध्ये समुद्राखालून सुमारे साडेसात किलोमीटरची केबल टाकून या बेटावर वीज पोहोचवली गेली. इतके अवघड काम करून दाखवणाऱ्या राज्यात गेटवेच्या धक्क्यावर मात्र प्रवाशाला शेजारी शेजारी बांधलेल्या बोटींच्या काठांवरून पाय टाकत आपली बोट गाठावी लागते. गुडघे दुखणाऱ्या बाईसाठी शिवलिंग आणि त्रिमूर्तीचे दर्शन तिथेच संपते. ती तिथून निभावली, तर बेटावर शंभरावर पायऱ्या तिची वाट पाहत असतात. डिसेंबर 2024 मध्ये नौदलाची स्पीडबोट प्रवासी बोटीवर आदळून माणसे बुडाली, तेव्हा कुठे लाइफ जॅकेट सक्तीचे झाले. गेटवेच्या धक्क्याला पर्याय म्हणून रेडिओ क्लबजवळ आखलेल्या नव्या जेट्टीवरून कुलाब्याचे रहिवासी न्यायालयात गेले. गर्दीची आणि वारसा परिसराची त्यांची काळजी खोटी नाही. पण धक्का सुधारायचाच नाही, हे तिचे उत्तर होऊ शकत नाही. वाद घालायचाच असेल, तर त्या जेट्टीवर पहिला मान मोटारीतून येणाऱ्याला मिळणार, की रांगेत उभ्या असलेल्या प्रवाशाला, यावर घालावा.

रेल्वेचे दुखणे तर आणखी रोजचे. मुंबईकराच्या हाती सहलीसाठी आठवड्याचा एकच दिवस असतो आणि नेमका त्याच दिवशी मध्य आणि हार्बर मार्गावर मेगाब्लॉक असतो. रूळ, ओव्हरहेड वायर आणि सिग्नलची देखभाल झालीच पाहिजे, त्याशिवाय लोकल सुरक्षित राहणार नाहीत, आणि कामाच्या दिवशी दुपारी गाड्या बंद ठेवणे त्याहून वाईट. हे मान्य करूनही एवढी अपेक्षा रास्त आहे की ब्लॉकच्या वेळेत बेस्टच्या जादा बसगाड्या स्थानकाबाहेर उभ्या असाव्यात आणि शक्य ती कामे रात्री व्हावीत. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो 2025 च्या ऑक्टोबरपासून पूर्ण धावू लागली आहे. वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र, गिरगाव, हुतात्मा चौक या मार्गावर आले आहेत. पर्यटनावर खर्च म्हणून तिचा एक रुपयाही कुणी दाखवला नसेल, तरी सहलीसाठी तिचा जितका उपयोग आहे तितका एखाद्या नव्या प्रेक्षणीय स्थळाचा होणार नाही.

स्वच्छतागृहांबद्दल बोलायला अजूनही संकोच वाटतो, पण सहल किती तासांची हे बायकांच्या बाबतीत अनेकदा त्यावरच ठरते. 2011 पासून मुंबईतल्या महिला कार्यकर्त्यांनी 'राइट टू पी' चळवळ चालवली, ती सार्वजनिक ठिकाणी स्त्रियांना स्वच्छ, सुरक्षित आणि मोफत मुतारी मिळावी एवढ्या साध्या मागणीसाठी. सकाळपासून पाणी न पिता फिरणाऱ्या बाईला मरीन ड्राइव्हचा सूर्यास्त कितीसा सुखाचा वाटणार? प्यायचे पाणी, सावली आणि टेकायला बाक यांचीही तीच गोष्ट. या गोष्टींचे उद्घाटन थाटात होत नाही, म्हणून त्या मागे पडतात.

यावर पहिला आक्षेप पैशांचा येतो. स्वस्त आणि फुकट ठिकाणे घाण होतात, तिकीट लावले की शिस्त येते, असे म्हणतात. त्यात तथ्य आहे आणि राणीच्या बागेत ते दिसलेही. 2017 मध्ये पेंग्विन कक्ष उघडल्यावर प्रवेशशुल्क पाच रुपयांवरून पन्नासवर गेले. गरिबांची बाग गेली, अशी ओरड झाली. मात्र आई, वडील आणि दोन मुले अशा कुटुंबासाठी शंभर रुपयांचे एकच तिकीट ठेवले गेले. सुट्टीच्या दिवशी बाग आजही माणसांनी फुलते. तेव्हा तिकिटाला विरोध करण्याचे कारण नाही, ते कुटुंबाच्या ऐपतीने आखले जावे एवढेच म्हणणे आहे. मलबार हिलवर 2025 मध्ये झाडांमधून बांधलेला 485 मीटरचा लाकडी मार्ग पंचवीस रुपयांत पाहता येतो आणि ठरावीक वेळेला ठरावीक माणसेच आत सोडतात. हा नमुना चांगला आहे.

दुसरा आक्षेप असा की भव्य आकर्षणांमुळे बाहेरचे पर्यटक येतात, रोजगार वाढतो. वाढावा. पण बाहेरून आलेल्यालाही तोच धक्का, तेच फुटपाथ आणि तीच स्वच्छतागृहे वापरावी लागतात. शिवाय व्यवसाय म्हणून उभारलेल्या आकर्षणांना व्यवसायाचेच आयुष्य असते. गोराईचे एस्सेलवर्ल्ड 1989 मध्ये सुरू झाले, एका पिढीच्या शाळेच्या सहली तिथे गेल्या, आणि आज ते बंद आहे. गिरगाव चौपाटी मात्र आहे तिथेच आहे आणि परगावचा पाहुणाही आधी तीच बघायला मागतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. सगळीकडे पोहोचणे सोपे केले, तर नाजूक जागा माणसांच्या लोंढ्याने उद्ध्वस्त होतील. शिवडीच्या चिखलात उतरणारे रोहित पक्षी, ठाणे खाडीचे 2022 मध्ये रामसर दर्जा मिळालेले पाणथळ, बोरिवलीच्या जंगलातला बिबट्या यांना माणूस जवळ आलेला नकोच आहे. अशा जागी अंतर राखलेच पाहिजे, आणि तिथे संख्येची मर्यादा किनाऱ्यावरच्या चौपाटीपेक्षा कितीतरी कडक हवी. परंतु गर्दी दोन-चार ठिकाणी कोंडते ती बाकीची ठिकाणे गैरसोयीची असल्यामुळे. शिवडी, वरळी, माहीम, शीव येथील किल्ले नीट राखले, तिथे माहिती सांगणारा माणूस आणि जवळ बस थांबा असला, तर गेटवेवरचा भार हलका होईल. भाऊ दाजी लाड संग्रहालयासारखी इमारत आधीच उत्तम दुरुस्त झालेली आहे, तिथे तर फक्त संध्याकाळी दोन तास जास्त दार उघडे ठेवायचे आहे. पगारावर वाढणारा तो खर्च एखाद्या नव्या प्रकल्पाच्या जाहिरातीतूनही निघेल.

आता कोस्टल रोडलगत भराव टाकून मिळालेल्या सुमारे सत्तर हेक्टर जमिनीवर बागा आणि मोकळ्या जागा व्हायच्या आहेत. तिथला साडेसात किलोमीटरचा फिरण्याचा पट्टा वस्तीपासून भरधाव रस्त्याने तोडलेला आहे, त्यामुळे भुयारी वाट शोधल्याशिवाय पायी जाणाऱ्याला समुद्र दिसत नाही. आराखडे अजून कागदावर आहेत तोवरच प्रत्येक भुयाराच्या तोंडाशी बेस्टचा थांबा, उतरत्या वाटेला व्हीलचेअर जाईल एवढा उतार, अर्ध्या किलोमीटरवर स्वच्छतागृह आणि पाण्याचा नळ, आणि शोभेच्या ताडांऐवजी वड, करंज, पिंपरणीसारखी सावली देणारी झाडे लिहून घेतली पाहिजेत. महापालिकेने हे आराखडे नागरिकांच्या हरकती-सूचनांसाठी खुले करावेत, आणि त्या मागवताना दक्षिण मुंबईच्या सोसायट्यांइतकेच लोकलने येणाऱ्या प्रवाशांनाही विचारावे.