पडद्यावरचा नियम कोण लिहितं?

"त्यांना धड इंग्रजी येत नाही आणि तुम्ही कोडिंग शिकवताय?" गेल्या जूनमध्ये वस्तीतल्या बुद्धविहारात नववीच्या मुलांसाठी रविवारचा प्रोग्रामिंगचा वर्ग सुरू केला, तेव्हा हा प्रश्न आम्हाला चळवळीतल्याच ज्येष्ठांनी विचारला. वर्ष संपलं. आता उत्तर देणं आमचं काम आहे.

१४ मुलं, ४ जुने लॅपटॉप. पहिले दोन महिने आम्हीच चुकलो. फळ्यावर इंग्रजी व्याख्या लिहिल्या, मुलांनी त्या वहीत उतरवल्या, कळलं कुणालाच नाही. अर्थ न विचारता घोकायचं ही पोथीची रीत. ती आम्हीच विहारात आणून बसवली होती!

मग पद्धत बदलली. आम्ही पायथॉन शिकवत होतो. तिच्या आज्ञा इंग्रजीत असतात, पण माहिती साठवणाऱ्या चलांना देवनागरीत नावं देता येतात. 'मजुरी', 'दिवस', 'बाकी' हे शब्द पडद्यावर दिसले आणि मागे बसलेली मुलं पुढे सरकली. सुरुवातीला दहा-पंधरा इंग्रजी शब्द पुरले. शाळेत चूक झाली की टोमणा मिळतो. इथे मशीन फक्त कोणत्या ओळीत अडलं ते सांगतं. एक मुलगी म्हणाली, "दादा, हे रागावत नाही." आमच्या मुलांना अडवत होतं ते इंग्रजी नव्हे, चुकण्याची भीती होती.

दिवाळीनंतर तीन मुलं आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेली. त्यातला एकच वर्गात परतला. त्याने स्वतःहून प्रोग्राम लिहायला घेतला: घेतलेली उचल, टनाचा दर, तोडलेला ऊस, मुकादमाने लावलेले खाडे, शेवटी बाकी किती. 'जर खाडा, तर दंड' ही ओळ लिहिताना तो थांबला. "दादा, हा नियम कुणी लिहिला?"

वर्षभरात याहून मोठा प्रश्न वर्गात आला नाही.

आज शिष्यवृत्तीचा अर्ज, रेशन, प्रवेश सगळं पडद्यावर आलं आहे. अर्ज नामंजूर झाला की आपली माणसं नशिबाला बोल लावतात. पण त्या नकारामागे कुणीतरी लिहिलेलं 'जर-तर' असतं. ज्याने एकदा स्वतः 'जर-तर' लिहिलं, तो नकारापुढे मान खाली घालत नाही, कारण विचारतो. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचं दहन झालं त्यामागे हीच जाणीव होती: नियम माणसाने लिहिलेला आहे, तो माणसाला मोडता येतो, बदलता येतो.

म्हणून कोडिंग म्हणजे लाखाचं पॅकेज, हे स्वप्न आम्ही मुलांना विकलं नाही. संगणकाने जात पुसली जात नाही. दलित अभियंत्याशी जातिभेद झाल्याच्या आरोपावरून कॅलिफोर्नियाच्या सरकारी विभागाने २०२० मध्ये सिस्को कंपनीवर दावा केला होता, हे विसरू नका. इथल्या खासगी कंपन्यांत तर आरक्षणही नाही. नोकरी मिळाली तर हवीच. पण नोकरी मिळाली म्हणजे मुक्ती मिळाली असं नाही.

शेवटपर्यंत टिकली ९ मुलं. गळालेली पाच मठ्ठ नव्हती. दोघं उसाच्या फडात गेली ती गेलीच, दोघींना घरकामाने अडवलं, एकाने गॅरेज धरलं. गावात हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू झालं असतं तर फडात गेलेली दोघं आज वर्गात असती. म्हणजे वसतिगृहाची लढाई आणि कोडिंगचा वर्ग या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत.

ज्येष्ठांना आमचं उत्तर एवढंच आहे. आणि पुणे, हैदराबाद, बंगळुरूला आयटीत पोहोचलेल्या भावा-बहिणींना विनंती: वापरात नसलेला लॅपटॉप आणि रविवारचे दोन तास वस्तीला द्या. जयंती मंडळांनी एका वर्षी डीजेचे पैसे वाचवून विहारात चार मशीन बसवून पाहावीत. जूनमध्ये नवी तुकडी येते आहे.

जय भीम!