रुपया टाकून मिळालेलें बालपण

प्रत्येक पिढीचें एक हरवलेलें गोकुळ असतें. आमच्या वडिलांचें गोकुळ वडाच्या सुरपारंब्यांवर होतें, आमचें विटीदांडूच्या धुळींत होतें. आणि ज्यांना आम्हीं शाळेंत विभक्तिप्रत्यय घोकावयास लाविले, ते आज चाळिशी ओलांडलेले गृहस्थ जेव्हां 'ते दिवस आतां पुन्हा येणें नाहीं' असें म्हणून सुस्कारा टाकतात, तेव्हां त्यांच्या डोळ्यांपुढें वडहि नसतो आणि विटीहि नसते. असते ती एक कोंदट, अर्धवट अंधारी खोली. तींत ओळीनें उभ्या केलेल्या पुरुषभर उंचीच्या लाकडी पेट्या. पेटीच्या कांचेवर नाचणारीं रंगीबेरंगी चित्रें. आणि फटींतून आंत पडणाऱ्या रुपयाचा आवाज. व्हिडिओ गेम पार्लर हें त्या स्थळाचें नांव.

घरांतील वडील मंडळी हें ऐकून हंसतात. नदी, देऊळ, आंबराई यांच्या आठवणीनें कंठ दाटावा हें समजूं शकतें. परंतु बाजारांतील एका यंत्राच्या आठवणीनें दोन मुलांच्या बापानें हळवें व्हावें, याचें त्यांना नवल वाटतें. हा उपहास न्याय्य आहे काय, याचा आज थोडा विचार करावा असें योजिलें आहे.

प्रथम या हळवेपणाच्या नांवाकडे पाहूं. १६८८ सालीं योहानेस होफर नांवाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानें स्वित्झर्लंडांतील बाझल येथें एक प्रबंध लिहिला. परमुलुखांत गेलेले स्विस लोक घराच्या ओढीनें खंगत जातात, हा त्यानें एक रोगच मानला. आणि 'घरीं परतणें' व 'वेदना' या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून त्यास 'नॉस्टाल्जिया' असें नांव दिलें. रोग्यास घरीं पाठविणें हाच त्यावरचा खरा उतारा होता. पुढें या शब्दाचा अर्थ स्थळावरून काळावर सरकला, आणि तेथेंच उपाय संपला. स्थळाचा विरह प्रवासानें मिटतो. काळाच्या विरहास मात्र कोणतीहि गाडी उपयोगी पडत नाहीं. म्हणून मनुष्य एखादी वस्तु धरून ठेवितो. शाकुंतलाच्या पांचव्या अंकांत हंसपदिकेचें गाणें कानीं पडतांच दुष्यंत अकारण व्याकुळ होतो, आणि असें कां व्हावें याचा स्वतःशींच विचार करितो. गाणें हें निमित्त. ओढ असते ती दुसऱ्याच कशाची तरी. आमच्या या गृहस्थांची पेटीहि तशीच निमित्तमात्र आहे काय, हें ठरविण्यापूर्वीं ती पेटी काय होती तें जाणून घेणें अवश्य आहे.

१९७२ सालीं अमेरिकेंत, कॅलिफोर्नियांतील सनीव्हेल येथल्या एका मद्यगृहांत अटारी कंपनीनें 'पाँग' नांवाचें यंत्र ठेविलें. ॲलन अल्कॉर्न या अभियंत्यानें तें बनविलें होतें. पडद्यावर दोन फळ्या आणि एक चेंडू, एवढाच त्याचा संसार. कांहीं दिवसांनीं यंत्र बंद पडल्याची तक्रार आली. अल्कॉर्न पाहावयास गेला, तों यंत्रांत दोष कसलाच नव्हता. नाण्यांचें पात्र तुडुंब भरल्यामुळें तें अडलें होतें. या एका प्रसंगांत पुढच्या साऱ्या व्यवसायाचें बीज आहे.

१९७८ सालीं जपानांत तैतो कंपनीसाठीं तोमोहिरो निशिकादो यानें 'स्पेस इन्व्हेडर्स' रचला. आकाशांतून शत्रूंच्या रांगा पायरीपायरीनें खालीं उतरतात, आणि खालून त्यांना टिपावयाचें. त्या काळच्या गणकयंत्रास इतकीं चित्रें एकाच वेळीं हालविणें जड जाई. शत्रु जसजसे मरत तसतसें त्याचें ओझें हलकें होई आणि उरलेले शत्रु अधिकाधिक वेगानें धांवूं लागत. वस्तुतः ही यंत्राची दुर्बलता होती. निशिकादोनें ती लपविली नाहीं, तशीच राहूं दिली, आणि तीच खेळाची रंगत ठरली: एकटा उरलेला शत्रु सर्वांत चपळ! १९८० सालीं नामको कंपनीच्या तोरू इवातानीनें 'पॅक-मॅन' काढला. पार्लरांत पुरुषांचीच गर्दी असे. तेथें स्त्रियांनाहि यावेंसें वाटावें म्हणून त्यानें मारामारी सोडून खाणें हा विषय घेतला. एक पिवळा गोल गडी चक्रव्यूहांत ठिपके खात हिंडतो, चार भुतें त्याचा पाठलाग करितात, आणि चौघांची पाठलागाची रीति निरनिराळी असते. या खेळाला कर्त्यानें शेवट योजिला नव्हता. परंतु फेऱ्या मोजणाऱ्या अंकाची मर्यादा २५५ होती. त्यामुळें २५६ व्या फेरीस पडद्याचा उजवा अर्धा भाग अर्थहीन अक्षरांनीं भरून जातो आणि पुढें वाट उरत नाहीं. अनंत म्हणून रचलेल्या वस्तूचीहि मोजणी कोठें तरी संपते, हें वेदांत्यास सांगावयास नको.

आपल्याकडे हीं यंत्रें बरींच पुढें रुळलीं. १९९० नंतरच्या दशकांत शहरांच्या गल्ल्यांतून आणि तालुक्याच्या गांवांतूनहि पार्लरें निघालीं. कॅपकॉम या जपानी कंपनीनें १९९३ सालीं मार्क शुल्ट्झ या अमेरिकन चित्रकाराच्या चित्रकथेवरून 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' हा खेळ काढला. हें लांबलचक नांव आमच्या मुलांच्या जिभेवर बसेना. खेळांत चार वीर, त्यांतील एकाचें नांव मुस्तफा. मुलांनीं सबंध खेळाचेंच बारसें 'मुस्तफा' असें करून टाकलें, आणि आजहि हा शब्द उच्चारतांच त्या वयाच्या मनुष्याचा चेहरा उजळतो. ज्या वस्तूला मुलें आपण होऊन नांव ठेवितात, ती वस्तु परकी राहत नाहीं.

ज्यांच्या घरीं ऐपत होती त्यांच्याकडे टेलिव्हिजनला जोडावयाचा संच येई. निंटेंडो ही कंपनी १८८९ सालीं क्योटो येथें पत्ते बनविण्यासाठीं निघालेली. तिनें १९८३ सालीं जपानांत जो घरगुती संच विकावयास काढला, त्याच्याच नकला आपल्या बाजारांत मिळत. कॅसेट चालेना कीं तिच्या तोंडांत फुंकर मारावयाची, हा उपचार कोणी कोणास शिकविला हें ठाऊक नाहीं. परंतु तो घरोघर सारख्याच श्रद्धेनें चाले. फुंकरींतील ओलाव्यानें उलट गंजच चढावयाचा. श्रद्धेपुढें रसायनशास्त्राचें कांहीं चालत नसे.

आतां वडिलांच्या बाजूनेंहि बोललें पाहिजे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत अक्षसूक्त आहे. फांशांच्या नादानें घर उद्ध्वस्त झालेल्या जुगाऱ्याचा तो विलाप आहे. खेळाची धास्ती आपल्या परंपरेंत इतकी जुनी आहे. फांसा आणि ही पेटी यांत भेद आहे हें खरें: फांशांत द्रव्य लावून द्रव्याची आशा करावयाची, येथें रुपया देऊन घटकाभर खेळ विकत घ्यावयाचा, आणि हात जसा सुधारेल तसा तोच रुपया अधिक पुरवावयाचा. परंतु पुढचें नाणें पडावयाचें तर मुलगा हरला पाहिजे, हें दुकानदाराचें गणित होतें, आणि त्या गणिताला धरूनच खेळ उत्तरोत्तर कठीण केलेला असे. दूध आणावयास दिलेल्या पैशांची वाट कोणती, आणि तिसऱ्या तासानंतर वर्गांतील मागचे बांक रिकामे कां, हें शिक्षक या नात्यानें मीं पाहिलें आहे. वडिलांची चिंता निराधार नव्हती.

तथापि त्या खोलींत आणखीहि कांहीं घडत होतें. खेळणारा एक असे आणि पाहणारे दहा. ज्याच्या खिशांत रुपया नसे तोहि मागें उभा राहून 'आतां वर चढ', 'डावीकडून येतो आहे' असें सांगे, आणि खेळांत त्याचा तेवढाच वांटा असे. आपली पाळी येईपर्यंत थांबावें लागे. हरल्यावर जागा सोडावी लागे. कोणत्या पिंपांत खाऊ दडला आहे, कोणत्या राक्षसाचा घाव कसा चुकवावा, ही सारी विद्या गुरुमुखानें चाले. एका मोहल्ल्यांतला पोर दुसऱ्या मोहल्ल्यांत मामाकडे गेला कीं ती तिकडे पसरे. शिंप्याचा मुलगा, वकिलाचा मुलगा आणि चहाच्या टपरीवरचा पोर एका पेटीपुढें खांद्याला खांदा लावून उभे असत, आणि मान मिळे तो हाताच्या चापल्यास. आमच्या वर्गांतहि अशी समता आम्हांस क्वचितच साधली.

या खेळांचें आज काय झालें, तें पाहण्यासारखें आहे. पुस्तक शंभर वर्षें फडताळांत पडलें तरी वाचतां येतें. ताडपत्र त्याहूनहि टिकतें. हे खेळ मात्र पन्नास वर्षांतच जर्जर झाले. ज्या जाड कांचेच्या चित्रनलिकेवर ते दिसत, ती बनविणारे बहुतेक सारे कारखाने बंद झाले आहेत. कॅपकॉमच्या १९९३ नंतरच्या कित्येक यंत्रांत खेळ उलगडण्याची किल्ली एका लहानशा बॅटरीच्या आधारानें टिकून असे. बॅटरी संपली कीं किल्ली पुसली जाई आणि यंत्र मुकें होई. नकला होऊं नयेत म्हणून योजिलेला हा उपाय मूळ वस्तूच्याच मुळावर आला. 'मुस्तफा'ची कथा निराळी: चित्रकथा एकाची, मोटारीचें नांव दुसऱ्याचें, खेळ तिसऱ्याचा, आणि प्रसिद्धीनंतरच्या तीस वर्षांत तो अधिकृत रीतीनें घरगुती संचावर आलाच नाहीं. २०२३ सालीं अमेरिकेंतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेनें पाहणी प्रसिद्ध केली, तींत २०१० पूर्वीं त्या देशांत निघालेल्या खेळांपैकीं ८७ टक्के खेळ आज बाजारांत मिळत नाहींत असें आढळलें.

सुदैवानें जपणारे हातहि निघाले. निकोला साल्मोरिया या इटालियन गृहस्थानें १९९७ सालीं 'मेम' नांवाची आज्ञावली प्रसिद्ध केली; जुन्या यंत्रांचें वर्तन नव्या संगणकावर हुबेहूब उतरविणें हा तिचा हेतु. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयानें २०१२ सालीं 'पॅक-मॅन'सह १४ खेळ आपल्या संग्रहांत घेतले. आणि अटारीची गोष्ट तर दृष्टांतांत शोभावी अशी आहे. १९८२ सालीं तिनें 'ई. टी.' चित्रपटावरून घाईघाईनें एक खेळ काढला. तो पडला, आणि १९८३ सालीं न खपलेल्या मालाबरोबर त्याच्या कॅसेटी न्यू मेक्सिकोंतील अलामोगोर्डोच्या उकिरड्यांत पुरून टाकल्या. २०१४ सालीं लोकांनीं तो उकिरडा खणून सुमारें १,३०० कॅसेटी बाहेर काढल्या, आणि त्यांतील एक आज स्मिथसोनियन संग्रहालयांत आहे. बारा वर्षांनीं उकिरड्याचेहि पांग फिटतात म्हणतात. येथें एकतीस लागलीं, एवढेंच.

वाचकहो, आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. यंत्र परत मिळालें तर ओढ शमते काय? २०१६ सालीं निंटेंडोनें आपल्या जुन्या संचाची लहानशी प्रतिकृति, आंत तीस खेळ भरून, विकावयास काढली. आज खिशांतल्या फोनवरहि जुने खेळ खेळतां येतात. आमचे गृहस्थ रात्रीं सर्वत्र निजानीज झाल्यावर एखादा उघडतात, पाव घटका खेळतात आणि ठेवून देतात. चित्र तेंच, सूर तोच, राक्षसहि तेच. मग रंग कां भरत नाहीं? कारण येथें रुपया संपत नाहीं, म्हणून प्राणाला मोल नाहीं. आणि पाठीमागें कोणी उभें नाहीं, म्हणून विजयाला साक्षी नाहीं. जपणाऱ्यांनीं पेटी जपली. पेटीभोंवतालची मंडळी जपणें त्यांच्या हातीं नव्हतें. ती आपोआप पांगली: कोणी परदेशीं गेला, कोणी गांवीं परतला, कोणाचा पत्ताच नाहीं, आणि एखादा तर या जगांतच नाहीं. उमाळा येतो तो त्या मंडळींचा. तेव्हां हंसण्याचें कारण उरत नाहीं. वडाच्या पारंबीची आठवण ही तरी झाडाची कोठें होती?

यंत्रें दुरुस्त करणें हें जाणकारांचें काम आहे. त्यांना तें करूं द्यावें. घराच्या हातीं जें आहे तें याहून सोपें आहे. माळ्यावरच्या खोक्यांत जुना संच किंवा कॅसेटी असतील तर भंगारवाल्यास देण्यापूर्वीं मुलाला एकदां विचारावें. सुटींत चुलत-मावस भावंडें जमतील तेव्हां प्रत्येकाच्या हातीं निराळा फोन देण्याऐवजीं एकच संच मांडावा. तीन प्राण द्यावे, हरला कीं त्यानें उठावें, आणि बाकीच्यांनीं मागून सांगावें. गलका होईल, तो होऊं द्यावा. आणि आपल्या घरांतील चाळिशीच्या गृहस्थास आज रात्रीं जेवतांना एवढेंच विचारावें, कीं तुम्ही खेळत असतां मागें कोण कोण उभें असे. तो नांवें सांगूं लागेल. तोंवर नातवंडांना पानांवरून उठूं देऊं नये.