शर्यतीचे घोडे आणि आमची जनावरे

घोड्यांच्या शर्यतीचा विषय निघाला म्हणजे आमच्या सभ्य गृहस्थांचे ताबडतोब दोन पक्ष पडतात. एक पक्ष कानांवर हात ठेवतो व हा जुगार आहे असे म्हणून विषयच वर्ज्य मानतो. दुसरा पक्ष कोणता घोडा लागेल याचा हळूच तपास करतो. परंतु जिंकणारा घोडा निपजला कसा, हा प्रश्न दोहोंपैकी एकासही पडत नाही, आणि आमच्या मते विचारण्यासारखा प्रश्न तेवढाच आहे. परभणीच्या मोंढ्याचा आणि मुंबईच्या महालक्ष्मी मैदानाचा संबंध काय, अशी शंका ज्या वाचकांस येईल, त्यांनी थोडा धीर धरावा.

बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांनी 1945 साली इंग्लंडात न्यूमार्केटच्या लिलावात एक वर्षाचे शिंगरू 28,000 गिनींस खरेदी केले. तेव्हाच्या हुंडणावळीने हे सुमारे चार लाख रुपये होतात, आणि वर्षाच्या शिंगरास तेथे तोपर्यंत इतकी किंमत कधी आली नव्हती. त्या पोराने तोवर एकही शर्यत धावलेली नव्हती; मग चार लाख कशाचे? त्याचा सख्खा भाऊ दांते याने त्याच वर्षी इंग्लंडची डर्बी जिंकली होती, आणि दोघांचा बाप नेआर्को हा इटलीत निपजलेला घोडा चौदा शर्यती धावून एकदाही हरला नव्हता. महाराजांनी त्या शिंगरास आपल्या आजोबांचे, म्हणजे थोरल्या सयाजीरावांचे, नाव दिले. ज्या राजाने 1906 साली आपल्या सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, त्याचे नाव घोड्यास द्यावे की शाळेस, याचा निर्णय वाचकांनीच करावा. रयतेच्या पैशाचा हा उपयोग आम्हांस मुळीच पसंत नाही. तथापि घोड्याने नाव राखले, हे कबूल केले पाहिजे. 1947 साली त्याने आयर्लंडची डर्बी व इंग्लंडची सेंट लेजर या दोन्ही शर्यती जिंकल्या. पुढे तो पैदाशीस ठेवला गेला, तेव्हा त्याची कन्या ग्लॅडनेस हिने 1958 साली ॲस्कटचा सुवर्णचषक घेतला, आणि त्याचा पुत्र इंडियाना याने 1964 साली बापाचीच सेंट लेजर पुन्हा घरी आणली.

हा दैवाचा खेळ नव्हे. थरोब्रेड म्हणून जी घोड्यांची जात आज जगभर धावते, तिच्या सर्व नरांची वंशरेषा सतराव्या शतकाच्या अखेरीस व अठराव्याच्या पूर्वार्धात इंग्लंडात गेलेल्या तीन पूर्वेकडील घोड्यांपर्यंत पोचते: बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन. म्हणजे रक्त आशियाचे. इंग्रजाने आपल्या पदरचे जे घातले, ती वही. 1791 साली त्याने या घोड्यांचे स्टडबुक छापून काढले, आणि तेव्हापासून ज्याचे आईबाप त्या वहीत नाहीत, तो घोडा कितीही देखणा असला तरी थरोब्रेड ठरत नाही. कृत्रिम रेतनासही त्या जातीत आजतागायत मनाई आहे. घोडी सुमारे अकरा महिने गाभण राहते व वर्षास एकच शिंगरू देते. तेव्हा चूक झाली तर वर्ष गेले, हे पैदासकार जाणून असतो. नुसते कूळ मात्र तेथे पुरत नाही. प्रत्येक पिढीस मैदानावर धावून दाखवावे लागते, आणि जो धावत नाही त्याच्या बापजाद्यांची कीर्ती त्याच्यापुरती तेथेच संपते. बंद वहीचे दोषही आहेत: नात्यातल्या नात्यात संयोग वाढतात, आणि वेगापायी पायांची हाडे नाजूक राहतात. ते दोष आम्ही झाकून ठेवीत नाही.

आता आमच्याकडे पाहा. सोयरीक जुळविताना मुलाच्या कुळाची चौकशी सात पिढ्यांपर्यंत होते. जेथे गुणाची परीक्षा घेता आली असती, तेथे आम्ही जन्मावर भिस्त ठेवतो. उलट गोठ्यातल्या कालवडीचा बाप कोण, असे विचारले तर मालक आकाशाकडे पाहतो! माणसाचे कूळ पुसावे व बैलाचे पुसू नये, असा हा उफराटा न्याय आमच्या देशात किती शतके चालला आहे.

आमच्या लोकांस ही विद्या साधत नाही, असे कोणी म्हणू नये. 1943 साली इंडियन डर्बी प्रथम धावली. ती जिंकणारी प्रिन्सेस ब्यूटिफुल ही घोडीही बडोद्याच्याच महाराजांची होती. भारतीय थरोब्रेडांची वही आज पुण्यातच ठेवली जाते. त्याच पुण्यात 1946 साली पूनावाला कुटुंबाने स्टडफार्म काढला, आणि त्याच्या घोड्यांनी देशातील मोठमोठ्या शर्यती जिंकल्या आहेत. त्या फार्मवरची निवृत्त घोडी रक्तद्रव काढण्याकरिता मुंबईच्या हाफकिन संस्थेकडे जात असत. जो माल आपण देतो त्याचे औषध आपणच का करू नये, असा व्यापारी विचार त्यातून निघाला व 1966 साली सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. तिच्या लशी आज जगभरच्या मुलांस टोचल्या जातात. शर्यतीच्या नादातून इतके लोकोपयोगी काम निघाल्याचे दुसरे उदाहरण आमच्या ऐकिवात नाही.

पैजेविषयी कायदा काय म्हणतो, हेही सांगणे आमच्या धंद्यास धरून आहे. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, घोड्यांची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, जुगार नव्हे. निर्णय शिरोधार्य आहे. परंतु ते कौशल्य पैदासकाराचे, शिक्षकाचे, स्वाराचे, आणि ज्याने घोड्याची वंशावळ व चाल अभ्यासली त्याचे. कानगोष्ट ऐकून दुकानाचा गल्ला लावणाऱ्या गृहस्थाने त्या निकालाची ढाल पुढे करू नये. सप्टेंबर 2025 पासून सरकारने पैजेवरील कर 28 टक्क्यांवरून 40 टक्क्यांवर नेला आहे, तेव्हा त्याचा हिशेब तर बुडाचाच झाला.

आता परभणीकडे येऊ. हा मुलूख घोड्यास परका नाही. 1999 पर्यंत याच जिल्ह्यात असलेल्या हिंगोलीस हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. पलीकडे नांदेड जिल्ह्यात माळेगावला खंडोबाच्या यात्रेत दर वर्षी घोडे, गाढवे व गुरे यांचा मोठा बाजार भरतो, आणि आमच्या जिल्ह्यातील शेतकरी व व्यापारी तेथे जातात. मराठ्यांच्या स्वाऱ्या ज्याच्या पाठीवर झाल्या, तो भीमथडी घोडा धनगरांचे बिऱ्हाड वाहता वाहता विसरला गेला होता. कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेने त्यास अलीकडे स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. लाल कंधारी व देवणी ही गोधने तर आमच्या दाराशीच आहेत. मान्यतेचा कागद मिळाला म्हणजे जात राखली गेली, असे मात्र होत नाही. बाजारात आजही रंग, शिंगे व वशिंड पाहून भाव ठरतो. गायीचे दूध किती, बैलाने उन्हात किती एकर औत ओढले, याची नोंद कोणी मागत नाही, म्हणून कोणी ठेवीतही नाही. जनावरांच्या कानांत सरकारी बारा अंकी पिवळा बिल्ला आलेला आहे. परंतु गाय गावच्या वळूस दाखविली, तर त्या अंकापुढे बापाचा अंक कोण लिहितो? कृत्रिम रेतनातही कांडीवर वळूचा क्रमांक छापलेला असतो, पण कांडी फेकली जाते व क्रमांकही तिच्याबरोबर जातो.

शर्यतीच्या वहीस पैसा पैजेतून मिळतो, गुरांच्या वहीस कोण देणार, असा आक्षेप येईल. आमचे उत्तर असे की, बाजार देईल. ज्या गोऱ्ह्याच्या आईचे दूध व बापाचा क्रमांक कागदावर दाखविता येईल, त्यास दहा हजार अधिक देणारा गिऱ्हाईक आजही मिळेल. न्यूमार्केटात महाराजांनी ज्यासाठी पैसे मोजले, ते याहून निराळे नव्हते. परभणीस 1972 पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. तेथील विद्यार्थ्यांस यात्रेत वही घेऊन बसविणे कठीण नाही. बक्षिसे देणाऱ्या मंडळींनी येत्या माळेगावच्या प्रदर्शनापासून एवढाच नियम करावा की, ज्या जनावराच्या आईबापांची लेखी नोंद नाही, त्यास पहिला क्रमांक मिळणार नाही. पहिल्या वर्षी कुरकुर होईल, कदाचित पहिले बक्षीस कोणासच देता येणार नाही. ते तसेच राखून ठेवावे, आणि त्या रकमेतून वह्या छापून मोंढ्यातील अडत्यांमार्फत खेडोपाडी वाटाव्या.