बॅट पोराच्या हाताची घ्या

दिवाळी होते, कापसाचे पहिले पैसे हातात येतात आणि जालन्यात बॅटांची खरेदी सुरू होते. मंठा, परतूर, घनसावंगीकडून वडील पोराला मोटारसायकलवर बसवून शहरात येतात आणि दुकानात बॅट मागतात. पोरगं दहा-अकरा वर्षांचं असतं. दुकानदार फळीवरून खाली काढतो ती पूर्ण मापाची बॅट, उंचपुऱ्या माणसाची. वडील ती हातात घेतात, दोनदा हवेत फिरवतात, समाधानाने मान हलवतात आणि पैसे देतात. पोराच्या हातात ती घरी गेल्यावर येते. दुसऱ्या दिवशी मैदानावर मला सांगतात, "मॅडम, घ्यायचीच तर मोठी घेतली. दोन-तीन वर्षं तर चालंल."

या वडिलांबद्दल मला मनापासून आदर आहे. विजय झोलने 2011 साली कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध नाबाद 451 धावा केल्या, पुढे 2014 च्या 19 वर्षांखालील विश्वचषकात तो भारताचा कर्णधार झाला. जालन्याचा पोरगा तिथवर जातो हे लोकांनी पाहिलं. तेव्हापासून भाव पडलेल्या वर्षीही बापाचा हात पोराच्या बॅटीसाठी आखडत नाही. पण क्रीडाशिक्षिका म्हणून नोकरी केली आणि निवृत्तीनंतरही ज्या पोरापोरींना मी शिकवते, त्यांच्या वतीने मला हे सांगायचंच आहे: वाढत्या अंगाची बॅट घेऊ नका. बैलाच्या मानेवर जू नीट बसतं का, हे पाहिल्याशिवाय हाच शेतकरी ते घेत नाही. मग पोराच्या मनगटाचा विचार का करत नाही?

मोठी बॅट लहान हातात काय करते ते मैदानावर रोज दिसतं. फलंदाजीत वरचा हात दिशा देतो, खालचा हात साथ करतो. बॅट जड असली की वरच्या हाताला ती पेलत नाही. मग खालचा हात दांड्याच्या तळाशी, पात्याला टेकून घट्ट मूठ आवळतो आणि सगळं काम अंगावर घेतो. बॅट सरळ मागे जायची ती गलीच्या दिशेने जाते आणि तिथून वळसा घेत आडवी येते. समोर खेळायचा चेंडू पोरगं लेगला ओढतं. पुढचं कोपर वर राहत नाही. जरा वेगाचा गोलंदाज आला की बॅट उशिरा पोचते, म्हणून चेंडू हातातून सुटण्याआधीच फटका ठरवून मोकळं होतं. दोन-तीन वर्षांनी अंग भरतं, बॅट मापाची वाटायला लागते, पण तोवर ही आडवी सवय हाडात मुरलेली असते. जिल्ह्याच्या निवड चाचणीत कुणीतरी शेरा मारतो, तंत्र कच्चं आहे. ते तंत्र त्याला त्या बॅटने शिकवलेलं असतं.

आणि ही झाली टिकून राहिलेल्या पोरांची गोष्ट. अंगाने बारीक असलेली कितीतरी पोरं सहा महिन्यांत यायची बंद होतात. घरी सांगतात, मला जमत नाही. पोरींच्या बाबतीत तर हे फार होतं, कारण त्यांच्या हातात मुळात भावाची जुनी बॅट येते. बदनापूरकडची एक मुलगी माझ्याकडे अशीच बॅट घेऊन आली होती, आधीच्या मालकाने दांड्यावर तीन रबरी ग्रिप चढवलेली. तिची बोटं त्या दांड्याभोवती पुरी मिटतही नव्हती. दोन ग्रिप काढून टाकल्या, आणि माझ्याकडची पाच नंबरची बॅट तिला दिली. त्याच आठवड्यात तिचा पहिला सरळ ड्राइव्ह गोलंदाजाच्या बाजूने गेला. मी तिला नवं काहीच शिकवलं नव्हतं.

खेळाडूच्या अंगाप्रमाणे साधन निवडायचं शास्त्र किती पुढे गेलंय, हे मी पाहिलं ते गोल्फमध्ये. माझा एक जुना विद्यार्थी, ज्याचे वडील इथल्या एमआयडीसीत सळईच्या रोलिंग मिलमध्ये होते, आता पुण्यात इंजिनिअर आहे आणि गोल्फ खेळतो. गोल्फ हा आपला खेळ नव्हे असं वाटणाऱ्यांना आठवण करून देते की पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिम्पिकमध्ये भारताकडून गोल्फ खेळलाय. तर या विद्यार्थ्याला नवा ड्रायव्हर घ्यायचा होता. ड्रायव्हर म्हणजे सगळ्यात लांब दांड्याचा आणि मोठ्या डोक्याचा क्लब, लांब पल्ल्याच्या पहिल्या फटक्यासाठीचा. मी त्याच्याकडे गेले होते, म्हणून सोबत दुकानात गेले.

तिथल्या माणसाने बजेट विचारलं नाही, कंपनी विचारली नाही. आधी जुन्याच क्लबने मारायला लावलं. शेजारी एक यंत्र होतं, ते प्रत्येक फटक्याला सांगत होतं की क्लबचं डोकं किती वेगाने आलं, चेंडू किती अंशांत उडाला, हवेत किती गरगरला. विद्यार्थ्याकडचा क्लब टीव्हीवरच्या खेळाडूंसारखा होता, कडक शाफ्टचा आणि कमी लॉफ्टचा. शाफ्ट म्हणजे दांडा, आता तो बहुधा कार्बन फायबरचा असतो आणि फटक्यात वाकतो. किती वाकतो त्यावर अक्षरं लिहिलेली असतात, ‘आर’ म्हणजे नेहमीचा, ‘एस’ म्हणजे कडक, ‘एक्स’ त्याहून कडक, शिवाय आणखी मऊ असे दोन. पण एका कंपनीचा ‘आर’ दुसरीच्या ‘आर’सारखा असेलच असं नाही, म्हणून अक्षर वाचून भागत नाही, मारूनच बघावं लागतं. लॉफ्ट म्हणजे क्लबच्या तोंडाचा तिरपेपणा, चेंडू वर उडतो तो त्याच्यामुळे.

मोठ्या स्पर्धांतल्या व्यावसायिक पुरुषांच्या ड्रायव्हरचा वेग ताशी 180 किलोमीटरच्या घरात असतो, हौशी माणसाचा दीडशेच्या आसपास. एवढ्या फरकावर दोघांना एकच दांडा कसा चालेल? कमी वेगाच्या हाताला कडक शाफ्ट दिला की चेंडू खाली राहतो आणि उजव्या हाताच्या खेळाडूचा उजवीकडे घसरतो. विद्यार्थ्याचं अगदी तेच होत होतं आणि तो समजत होता की आपलंच मनगट चुकतंय. त्या माणसाने शाफ्ट जरा मऊ आणि हलका केला, लॉफ्ट दीड अंशाने वाढवला. स्विंग तोच होता. चेंडू उंच उडाला, सरळ गेला आणि आधीपेक्षा लांब पडला. तिथे एक गोष्ट कळली, ती मला फार महत्त्वाची वाटते. गोल्फच्या नियमांनी ड्रायव्हरच्या डोक्याचा आकार 460 घनसेंटिमीटरवर बांधलाय, लांबी 48 इंचांवर बांधलीय, तोंडाने चेंडू किती उसळवावा यालाही मर्यादा घातलीय. म्हणजे जास्त पैसे टाकून फार मोठं काही विकत घेता येत नाही. फरक पडतो तो क्लब अंगाला जुळण्यानेच.

परतीच्या प्रवासात माझ्या डोक्यात आमची पोरं होती. चाळिशीतल्या माणसाच्या हौसेसाठी एवढी मोजमापं होतात आणि वाढत्या वयाच्या पोराला आपण फळीवरची पहिली बॅट देतो.

क्रिकेटच्या बॅटीचा दांडा बदलून बघता येत नाही, पण निवडायला खूप काही आहे. बॅटा 1 ते 6 नंबरच्या असतात, त्यानंतर हॅरो, मग पूर्ण माप. साडेचार फुटांच्या पोराला साधारण 4 नंबर, पाच फुटांच्या आसपास 5 किंवा 6, सव्वापाच फुटांना हॅरो आणि साडेपाच फूट ओलांडल्यावरच पूर्ण माप, एवढा हिशेब लक्षात ठेवला तरी पुष्कळ. वजनकाट्यावर फार विसंबू नये. दोन बॅटा काट्यावर सारख्या भरतात आणि हातात एक हलकी लागते, एक जड. वजन मुठीपासून जितकं लांब, तितकी बॅट फिरवायला जड. खेळाडू याला पिकअप म्हणतात आणि तो फक्त हाताला कळतो.

यात गरिबाच्या पोरावर एक जास्तीचा भार पडतो, त्याबद्दल कुणी बोलत नाही. इंग्लिश विलोचं लाकूड हलकं, काश्मिरी विलोचं त्याहून घट्ट आणि जड. चांगली इंग्लिश विलो बॅट घ्यायची तर दोन क्विंटल कापसाचे पैसे जातात, त्यामुळे आपल्याकडची पोरं बहुतेक अनंतनाग-पुलवामा भागातल्या कारखान्यांत बनलेल्या काश्मिरी बॅटीवरच खेळतात. खेळू देत, त्या बॅटा वाईट नाहीत. मात्र त्याच मापात त्या जड भरतात, म्हणून दोन मापांमध्ये अडलात तर लहान माप घ्या. श्रीमंताच्या पोराला चालणारा तक्ता आपल्या पोराला एका नंबराने खाली वाचावा लागतो.

चेंडू कशावर उसळतो तेही बघा. आपल्याकडे मॅटवर किंवा सिमेंटवर सराव होतो, तिथे चेंडू जास्त उसळतो, म्हणून पात्याचा फुगीर भाग जरा वर असलेली बॅट बरी. मातीच्या खाली राहणाऱ्या विकेटवर तो भाग खाली हवा. टेनिस बॉलच्या स्पर्धांतल्या बॅटा वेगळ्या, त्या सीझन बॉलवर फुटतात, आणि तळ करवतीने कापून लहान केलेली मोठी बॅट तर घेऊच नका. तिची जाडी पुन्हा जागेवर येत नाही आणि उघड्या तळातून पाणी पिऊन ती फुगते. नवी बॅट आणली की जवसाचं तेल लावून, लाकडी हातोड्याने धीराने ठोकून घ्या.

दुकानात करायच्या तपासण्या अगदी साध्या आहेत. पोराला नेहमीसारखं उभं करा, बॅट पायाशी टेकवा. दांड्याचं टोक मांडीच्या वरच्या भागापर्यंत, खिशाच्या आसपास यायला हवं. कमरेच्या वर गेलं तर बॅट मोठी. मग फक्त वरच्या हाताने ती उचलायला सांगा, म्हणजे उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या डाव्या हातात. समोर आडवी धरून सावकाश दहा आकडे मोजा. टोक खाली झुकलं, खांदा वाकडा झाला, चेहरा आवळला, की ती परत फळीवर ठेवा. शेवटी त्याच एका हाताने पाच-सहा सरळ ड्राइव्ह हवेत मारायला लावा आणि तुम्ही समोरून बघा. पातं सरळ येतंय की फिरतंय, हे क्रिकेट न खेळलेल्या बापालाही दिसतं. दुकानदार घाई करील. करू द्या.

यावर मला नेहमी एक उत्तर मिळतं: सचिनही लहानपणी मोठ्या बॅटीनेच खेळला. खरं आहे. तो थोरला भाऊ अजित याच्या बॅटीने खेळला, त्यातून दांडा खाली धरायची त्याला सवय लागली, आणि त्याचे गुरू आचरेकर सरांनी ती बदलून पाहिली तेव्हा बदललेली मूठ त्याला जमेना. पुढेही तो जड बॅटच वापरत राहिला. पण यातून मला दिसतो तो गुरू, जो शिष्याच्या हाताला काय जुळतंय ते बघतो आणि त्याप्रमाणे स्वतःचा आग्रह सोडतो. शिवाय त्या सवयीतून सुटून सचिन झालेला एक आपल्याला ठाऊक आहे. त्याच सवयीने मागे पडलेल्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत, मी मात्र त्यातले अनेक चेहरे ओळखते. सांगलीच्या स्मृती मानधनाची गोष्ट मला पोरींना सांगायला जास्त आवडते. राहुल द्रविडने तिच्या भावाकडे तिच्यासाठी सही करून बॅट दिली होती. आठवण म्हणून कपाटात ठेवायची वस्तू ती. तिने हातात घेऊन पाहिली, तोल इतका आवडला की ती खेळायलाच काढली. सही कुणाची हे बाजूला ठेवून तिने हाताचं ऐकलं.

घरच्या खरेदीइतकाच माझा आग्रह शाळांसाठी आहे. समग्र शिक्षा योजनेतून सरकारी शाळांना क्रीडा साहित्यासाठी वर्षाला प्राथमिकला 5,000, उच्च प्राथमिकला 10,000 आणि माध्यमिकला 25,000 रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. या पैशांत क्रिकेटचा संच येतो तो बहुधा तयार, एकाच मापाचा, पाचवीच्या आणि दहावीच्या पोरांना सारखाच. मागणीपत्रात फक्त ‘बॅट, नग 4’ असं लिहिलं की पुरवठादार त्याला सोयीचं तेच देणार. तिथे एक 4 नंबर, एक 5 नंबर, एक 6 नंबर आणि एक हॅरो असं लिहायला एक ओळ जास्त लागते आणि लहान मापाच्या बॅटीला पैसे कमीच पडतात. हे मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीला आजच्या आज करता येण्यासारखं आहे, त्यासाठी वरून परिपत्रक यायची वाट पाहायला नको. समितीत पालक असतात. त्यांनी पुढच्या बैठकीत फक्त एवढं विचारावं, की शाळेतल्या बॅटा कोणत्या मापाच्या आहेत आणि सहावीतल्या पोरींना खेळता येईल अशी त्यात एक तरी आहे का.

आणि यंदा स्वतः खरेदीला निघणार असाल, तर पोराला किंवा पोरीला आधी सकाळी आमच्या सरावाला घेऊन या. प्रत्येक मापाची एकेक बॅट तिथे ठेवलेली असते. अर्धा तास खेळू द्या, कोणती हाताला लागते ते बघा, नंबर चिठ्ठीवर लिहून घ्या आणि मग दुकानात जा.